हर्बर्टनं पंप सुरू केला नाही

हर्बर्ट गोन्साल्विसचा हात भारी आहे, हे माहीमच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. बाप दारू पिऊन आला की वल्ह्याच्या तुटक्या दांड्यानं पोरांना फोडून काढायचा. थोरला आल्विन खाडीच्या अंगाला पळून जायचा. हर्बर्ट पळत नसे. तो जागेवर उभा राहून मार खायचा. मग मिसरूड फुटायच्या वयात एका संध्याकाळी त्यानं तो दांडा वरच्यावर धरला आणि दुसऱ्या हातानं बापाच्या तोंडावर एक ठोसा ठेवून दिला. बापाचे पुढचे दात अंगणात पडले. म्हातारा पुन्हा कधी अंगावर आला नाही. पण त्यानंतर तो भाकरी कालवणात मऊ होईपर्यंत भिजवून खायचा, आणि समोर बसलेल्या हर्बर्टच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

तेव्हापासून हर्बर्टला स्वतःच्याच हाताची भीती बसली. लग्न ठरलं तेव्हा बेट्टीनं त्याला चर्चच्या पायऱ्यांवर सरळच विचारलं होतं, "तू मारणारा आहेस काय? असशील तर आत्ताच सांग."

"राग आला तर मी बाहेर जाईन," तो म्हणाला.

आणि संसारात त्यानं ते पाळलं. ताट आपटलं जाण्याइतका राग चढला की तो चपला घालून निघायचा, खाडीकाठानं चालत सुटायचा आणि उतरल्यावर घरी यायचा. "माझा नवरा भांडत नाय, चालायला जातो," असं बेट्टी शेजारणींना सांगायची. मुलगी ॲलिसन मोठी झाली, लग्न होऊन वसईला गेली. तिच्या अंगाला बापाचा हात कधी लागला नाही.

शिवडीला गोदीजवळच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलता-जोडता त्याची उमेदीची वर्षं गेली. वर्कशॉप बंद पडल्यावर तो पालिकेत पंप ऑपरेटर म्हणून लागला. उन्हाळ्यात पंपांची दुरुस्ती करायची आणि पावसाळ्याचे चार महिने नेमून दिलेल्या जागी बसायचं, हे त्याचं काम. त्याची नेमलेली जागा म्हणजे परळची बावडी गल्ली.

बावडी गल्ली बशीसारखी आहे. जुन्या काळी तिथं तळं होतं म्हणतात; ते बुजवून गिरणीवाल्यांनी चाळी बांधल्या. माणसं तळं विसरली, पाणी विसरलं नाही. लालबागच्या अंगाचं, पुलावरचं, आजूबाजूच्या नव्या टॉवरांच्या आवारातलं, सगळं पाणी उतार धरून तिथंच येतं. रस्त्याखालची वाहिनी जुनी, विटांची. भरतीच्या वेळी समुद्र आत शिरू नये म्हणून तिकडचे दरवाजे बंद होतात आणि मग या पाण्याला जायला वाटच राहत नाही. म्हणून गल्लीच्या तोंडाशी, फुटपाथलगत, दोन पुरुष खोल चेंबर बांधलेलं होतं. भोवती लोखंडी कठडा, शेजारी चाकांच्या गाड्यावर बसवलेला डिझेल पंप. पंपाचा जाडजूड पाइप चेंबरात सोडलेला. तो पाणी ओढायचा आणि पुलापलीकडच्या मोठ्या वाहिनीत फेकायचा. पंपावर ताडपत्री, ताडपत्रीखाली खुर्ची आणि खुर्चीत हर्बर्ट. पावसाळा आला की गल्लीतली माणसं आकाशाकडे बघायच्या आधी हर्बर्ट आलाय का ते बघायची.

पंपाच्या समोरच्याच चाळीत तळमजल्याला शिवा धुरीचं घर होतं. शिवा फर्निचरला पॉलिश मारायचा. हातात कसब असं, की जुन्या सागाच्या कपाटात तोंड बघून दाढी करावी. तरुणपणी तो कबड्डीत मंडळाचा भरवशाचा गडी होता, आणि पन्नाशीला आला तरी पाठ तशीच रुंद. पहिल्या वर्षी त्यानं हर्बर्टला चहा आणून दिला, दुसऱ्या वर्षी कॅरम खेळायला बोलावलं, आणि पुढे दोघांचं असं जमलं, की ॲलिसनच्या लग्नात शिवा ब्रास बँडपुढे घामाघूम होईस्तोवर नाचला होता.

शिवाची आई जाईबाई. गिरणीकामगाराची विधवा, मालवणाकडची. ती खिडकीत बसून पंपाकडे लक्ष ठेवायची आणि दुपार झाली की हाक मारायची, "हर्बर्टा, जेवलंस काय रे? बांगड्याचो तिखलो केलंय." नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाची बायको ललिता ताट आणून खुर्चीवर ठेवायची.

त्या वर्षी मात्र सगळंच वाकडं चाललं होतं. मेमध्ये जाईबाई मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, आत सळी घातली आणि म्हातारी खाटेला खिळली. कूस बदलायची तरी किंकाळी फोडायची. गल्लीतही तेच. कंत्राटदाराच्या माणसांनी वाहिनीतला गाळ काढला आणि फुटपाथच्या कडेनं ढीग लावून ठेवले. ते उचलायच्या आधीच पाऊस कोसळला आणि काढलेला गाळ जसाच्या तसा परत आत गेला. जून-जुलैत दोनदा पाणी घरात शिरलं. लोकांची डोकी आधीच तापलेली होती. गल्लीत कोणीतरी उठवून दिलं की पंपाचं डिझेल बाहेर विकलं जातं, म्हणून पंप उशिरा सुरू होतो. हर्बर्टच्या कानावर ते आलं. "बोलू दे," तो शिवाला म्हणाला.

"मी आहे ना," शिवा म्हणाला. "कोण काय बोललं तर मला सांग. थोबाड फोडतो."

जुलैच्या शेवटी एके दिवशी सकाळपासून धार तुटली नाही. दुपारी मोठी भरती होती. गल्लीत गुडघाभर पाणी झालं, पंप जीव तोडून ओढत होता. आणि मग त्याचा आवाज बदलला. इंजिन मोकळं धावायला लागलं, पाइप फडफडला आणि पलीकडच्या तोंडातून पाण्याऐवजी नुसती थुंकी यायला लागली. आत काहीतरी अडकलं होतं.

हर्बर्टनं इंजिन बंद केलं, चावी काढून पँटच्या खिशात घातली.

त्याच्याबरोबर त्या पाळीला अवधूत होता. कंत्राटावरचा माणूस, चाळिशीचा, शीव कोळीवाड्यात राहणारा, पाण्यात माशासारखा. खरं तर अशा वेळी वरून आकड्यानं ओढून जे निघेल ते काढायचं, माणूस उतरवायचा नाही, असा नियम होता. दोघांनी आकडा टाकून बघितला. आकडा कशात तरी रुतायचा आणि रिकामा वर यायचा.

"गादी आहे," अवधूत म्हणाला. "कापूस आलाय बघ आकड्याला. ही वरनं निघायची नाय."

"उतरायचं नाही अवधूत. दुसरा पंप मागवतो."

"तो येईपर्यंत हे लोक पोहतील. दोर धर. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन दिले की ओढ."

त्यानं शर्ट काढला, दोर कमरेला बांधला, छाती भरून घेतली आणि खाली गेला. हर्बर्टनं दोराचा कठड्याला एक वेढा दिला आणि टोक मुठीत धरलं. अवधूत वर आला तेव्हा त्याच्या हातात पाइपच्या तोंडावरची लोखंडी जाळी होती. "जाळीलाच गुंडाळली होती. जाळी काढली. आता गादीचा मोठा तुकडा पाइपच्या तोंडात घुसलाय, तो ओढतो." त्यानं पुन्हा दम घेतला आणि पाण्याखाली गेला.

म्हणजे आता खाली पाइपचं तोंड उघडं होतं, आणि त्या तोंडात अवधूतचा हात होता.

त्याच वेळी गल्लीतून माणसं आली.

शिवाच्या घरात पाणी खाटेला लागलं होतं. खाट दोन टेबलांवर चढवावी म्हणून शिवानं आणि शेजारच्या दोघांनी ती उचलली, तर एक पाय निसटला, खाट कलंडली आणि जाईबाई त्या घाण पाण्यात पडली. तोंड पाण्याखाली गेलं. शिवानं तिला उचललं, तेव्हा ती ओरडली नाही, नुसती घशातून घरघरली. ललितानं सासूचं डोकं मांडीवर धरलं आणि ती किंचाळली, "अहो, मशीन बंद का पडलंय? बघा ना!" शिवा तसाच धावत सुटला. त्याच्यामागे शेजारचा टॅक्सीवाला गौतम आणि हाताला येईल ते घेऊन निघालेली पंधरा-वीस माणसं.

"मशीन चालू कर!" शिवा लांबूनच ओरडला.

"आत माणूस आहे!"

"कुठे माणूस आहे?"

त्यांना काही दिसत नव्हतं. कठड्याच्या आत गढूळ पाणी, वर पावसाचे बुडबुडे, आणि बंद पंपाशेजारी खिसा सांभाळत उभा असलेला हर्बर्ट. दोर पाण्याखाली होता, त्याची मूठ कठड्याआड.

"अवधूत आहे खाली! जरा थांब शिवा, वर येऊ दे त्याला—"

"आई बुडतेय तिथे! चालू कर!"

"खोटं बोलतोय," मागून कोणीतरी म्हणालं. "डिझेल संपवलं असणार. विकलं असणार भडव्यानं."

पुढचं सगळं अवधूतच्या एका दमात झालं.

पहिला फटका छत्रीच्या दांड्याचा, पाठीत. मग हेल्मेट डोक्यात. हर्बर्टच्या कपाळातून रक्त आलं आणि पावसानं ते सगळ्या चेहऱ्यावर पसरवलं. शिवानं त्याची कॉलर धरून हलवलं आणि कानाखाली अशी वाजवली, की डाव्या कानात शिट्टी सुरू झाली ती राहिलीच. हर्बर्ट ओरडत होता, "दोर बघा! दोर बघा माझ्या हातातला!" पण कोण ऐकतंय? जो तो मारत होता. ज्यांना रोज चहा पिताना बघितलं होतं, ज्यांच्या पोरांना त्यानं पंपापासून लांब उभं केलं होतं, ते मारत होते. कोणी बरगडीत लाथ घातली. आतून काहीतरी कडकन मोडलं आणि श्वास अर्ध्यावर तुटला.

त्यानं हात उचलला नाही. उजव्या मुठीत दोर होता. तो सोडला तर अवधूत गेला. पण डावा हात मोकळा होता. तो भारी हात त्यानं फक्त डोक्यावर धरला. माणूस मार खाऊन मरत नाही लवकर, हे त्याला बापानं शिकवलं होतं. मला मारा, मारत राहा, तेवढ्यात अवधूत वर येईल, असा त्याचा हिशेब होता.

मग गौतमनं मागून त्याच्या खिशात हात घातला.

"चावी! चावी मिळाली!"

चावी गौतमच्या हातातून शिवाच्या हातात गेली. शिवा पंपाकडे वळला. "शिवा, नको! शिवा!" हर्बर्टचा आवाज फाटला. शिवानं चावी लावली, फिरवली. तापलेलं इंजिन एका खोकल्यात सुरू झालं. पाइप आखडला. हर्बर्टच्या मुठीतला दोर असा हिसकला गेला, की तळहाताची साल निघाली.

पाइप खोलायचा पाना गाड्यावर होता, हातभर लांब, बिडाचा. हर्बर्टनं तो डाव्या हातानं उचलला आणि चावीवरच्या शिवाच्या मनगटावर घातला. हाड फुटल्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू आला. शिवा ओरडून गुडघ्यांवर, पाण्यात बसला. चावी मोकळी झाली होती. हात पुढे करून फिरवायची, एवढंच काम उरलं होतं.

पण हर्बर्टचा हात त्याआधी पुन्हा वर गेला. शिवानं मान वर केली होती, तोंड उघडं होतं. पाना त्या तोंडावर, डाव्या डोळ्याखाली उतरला.

मग त्यानं चावी फिरवली. इंजिन थांबलं.

दोर ओढायला त्याच्यात जोर नव्हता. मोडलेल्या बरगड्या आत टोचत होत्या. तरी त्यानं कठड्याला पाय लावला आणि ओढलं. दोर जागचा हलला, अडला, पुन्हा हलला. आणि कठड्याच्या आत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पाण्यातून एक डोकं वर आलं. डोळे पांढरे. उजव्या हाताचं कातडं कोपरापासून खाली मोज्यासारखं सोललेलं, आणि कोपर भलत्याच बाजूला वळलेलं.

सगळी माणसं जागच्या जागी थिजली. हेल्मेटवाला हेल्मेट पाठीमागे धरून मागे सरकला, तो गर्दीतून कधी नाहीसा झाला कळलंही नाही. गौतम कठडा धरून भडाभडा ओकला. मग तोंड पुसलं, कठडा ओलांडला, अवधूतच्या बगलेत हात घातले आणि हर्बर्टबरोबर त्याला बाहेर घेतलं. फुटपाथवर उताणा टाकून त्याच्या छातीवर दाब देत राहिला. "ए, ऊठ रे! ऊठ ना रे बाबा!" तो रडत होता आणि दाबत होता. शेवटी अवधूतच्या नाकातोंडातून पाणी आलं आणि पाठोपाठ एक शिवी आली. ती ऐकून गौतम आणखी मोठ्यानं रडायला लागला.

हर्बर्टनं दोराचं टोक बघितलं. कोणी खाली नव्हतं. गादीचा तुकडा सुटून पाण्यावर तरंगत होता. गादी सुटल्यावर पाइप आता वर ओढता येत होता; त्यानं जाळी त्याच्या टोकाला कशीबशी अडकवली, पाइप परत चेंबरात सोडला, आणि चावी फिरवली. पंप सुरू झाला. मग तो गाड्याला टेकून खाली बसला. समोर शिवा पाण्यात आडवा होता, दोघंजण त्याचं डोकं वर धरून होते. हर्बर्टला तिकडे बघवेना. शुद्ध गेली तेव्हा त्याच्या हातात पाना होता, तो नंतर पोलिसांनी बोटं उलगडून काढून घेतला.

जाईबाई बुडाली नव्हती. पुरुष पंपाकडे धावले तेव्हा ललितानं शेजारच्या बायका गोळा केल्या, मोरीचं दार बिजागरीतून उखडलं, त्यावर म्हातारीला आडवं बांधलं आणि पाच बायकांनी ते दार जिन्यानं वर नेलं. पुरुषांना ते सुचलं नव्हतं.

अवधूत, हर्बर्ट, शिवा, तिघंही एकाच सरकारी इस्पितळात गेले. जवळ तेच होतं. अवधूतच्या हातावर मांडीचं कातडं लावलं. हात राहिला, पण कोपरातून वाकेना. हर्बर्टच्या बरगड्या जुळल्या, कपाळाला टाके पडले, डावा कान कायमचा गेला. शिवाच्या मनगटात पट्टी आणि स्क्रू बसले. डोळा मात्र वाचला नाही.

एकाच वॉर्डात हर्बर्ट आणि शिवाच्या मधे तीन खाटा होत्या. बेट्टी डबा घेऊन यायची, ललिता डबा घेऊन यायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. दाराशी हवालदार बसलेला असे, कारण दोन्हीकडून तक्रारी होत्या. मारणाऱ्या बाकीच्या लोकांचं म्हणाल तर त्या दिवशी गल्लीत कोणी नव्हतंच. कोणी कामावर होतं, कोणी गावाला. एकट्या गौतमनं सांगितलं, "चावी मी काढली," आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

एका दुपारी शिवा उठला, मोडका हात गळ्यात, अर्धं तोंड पट्टीत, आणि भिंत धरत धरत हर्बर्टच्या खाटेपाशी येऊन उभा राहिला. हवालदार उठायला लागला. हर्बर्टनं त्याला हातानं बसवलं.

"हात मोडलास ते बरोबर केलंस," शिवा म्हणाला. "अवधूतला बघून आलो मी. तुझ्या जागी मी असतो तर मीपण मोडला असता."

हर्बर्टनं उजवा कान त्याच्याकडे वळवला.

"पण मी खाली पडलो होतो रे. चावी सुटली होती. पडलेल्या माणसाला परत कशाला मारलंस?"

हर्बर्टला सांगता आलं असतं. गोंधळ होता, घाई होती, तू उठून परत चावी धरशील असं वाटलं. पोलिसांना त्यानं तसंच सांगितलं होतं, आणि साहेबांनी मान डोलावून लिहून घेतलं होतं. बेट्टीलाही तसंच सांगितलं होतं. बेट्टीनं मान डोलावली नव्हती.

"राग आला होता," तो म्हणाला.

शिवानं उरलेल्या डोळ्यानं त्याच्याकडे बघितलं. "तेच," तो म्हणाला आणि भिंत धरत परत गेला.

चौकशी चालली. माणूस खाली का उतरवला, याचा जाब हर्बर्टला विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. गणपती गेले, दिवाळी आली, हर्बर्ट घरी बसून होता. तो खाडीकाठानं चालत सुटायचा, पण आता चालून काही उतरत नव्हतं. झोपेत त्याचा डावा हात वर उठायचा. एकदा बेट्टी दचकून जागी झाली आणि भिंतीला चिकटून बसली. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या संसारात ती त्याला पहिल्यांदा घाबरली होती, आणि ते दोघांनाही कळलं. दुसऱ्या दिवसापासून हर्बर्ट बाहेरच्या खोलीत झोपायला लागला.

नाताळच्या आधी ललिता माहीमला आली. आत आली नाही, दारातूनच म्हणाली, "आई बोलावतायत."

"मारायला बोलावलंय काय?" बेट्टी पुढे झाली.

"ते मला माहीत नाही," ललिता म्हणाली. "रोज विचारतात, हर्बर्ट खंय गेलो."

हर्बर्ट तिच्यामागून निघाला. तो गल्लीत शिरला. पानपट्टीवाला खाली बघायला लागला, चहावाला आत गेला. शिवा घरात नव्हता. कुठे जातो, कधी येतो, ललितानं सांगितलं नाही. पॉलिशचं काम सुटलं होतं त्याचं. मनगट फिरत नव्हतं आणि एका डोळ्यानं लाकडावरची चमक जोखता येत नव्हती.

जाईबाई खाटेवर वाळलेल्या कोळंबीसारखी झाली होती. तिनं त्याला बराच वेळ न्याहाळलं.

"खाली वाक."

तो खाटेपाशी गुडघ्यांवर बसला. जाईबाईनं हात उचलला आणि त्याच्या तोंडात मारली. हातात जोर नव्हता, बांगड्या मात्र लागल्या. तिनं पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. ललिता दाराला टेकून बघत राहिली, मध्ये पडली नाही. हर्बर्टनं मान हलवली नाही. दमली तेव्हा म्हातारी थांबली, तिची छाती वरखाली होत होती.

"त्या माणसाचो जीव वाचवलंस, असा सगळे म्हणतत," ती म्हणाली. "वाचवलंस, बरा केलंस. माझ्या झिलाचो डोळो कित्याक काढलंस?"

"चुकलं माझं, आई."

"चुकलं म्हणान डोळो येता?"

"नाही येत."

"मग बस हयसर. गप बस."

तो बसला. म्हातारीला झोप लागेपर्यंत बसला. तिनं जेवलंस काय विचारलं नाही, ललितानं पाणी आणलं नाही. उठून निघाला तेव्हा गालावर बांगडीचा ओरखडा होता. घरी बेट्टीनं तो बघितला, पण विचारलं नाही. डेटॉलचा कापूस तेवढा हातात दिला.

जानेवारीत दोन्ही तक्रारी मागे घेतल्या गेल्या. ललितानं शिवाला काय सांगितलं, कसं सांगितलं कुणास ठाऊक. एक दिवस तो चौकीत आला, डाव्या हातानं सही केली आणि कोणाशी न बोलता गेला. गौतमही सुटला. अवधूतला शिवडीच्या एका गोदामावर राखणदाराची नोकरी मिळाली. हर्बर्टला परत घेतलं, पण ताकीद देऊन, पंपांच्या दुरुस्तीच्या कामावर. तिथं दिवसभर इंजिनं खोलायची आणि कोणाशी बोलायचं नाही, हे त्याला बरं वाटलं.

मार्चमध्ये जाईबाई गेली. गौतमनं फोन करून कळवलं.

"येऊ काय मी?" हर्बर्टनं विचारलं.

"ते मी कसं सांगू?" गौतम म्हणाला. "स्मशानात कोणी कोणाला बोलावत नाही."

हर्बर्ट गेला. फाटकाच्या आत, एका बाजूला, झाडाखाली उभा राहिला. गल्लीतली माणसं होती, त्या दिवशीची सगळी. काहींनी त्याला बघून न बघितल्यासारखं केलं. शिवानं पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं होतं, डाव्या हातानं धरलेलं. उजवा हात नुसता टेकवलेला होता, पकड नव्हती त्यात. दुसऱ्या फेरीला ओल्या फरशीवर त्याचा पाय सरकला. डाव्या बाजूला चौथऱ्याची कड होती, ती त्याला दिसली नव्हती. मडकं हेलकावलं.

हर्बर्ट कधी पुढे गेला त्यालाच कळलं नाही. त्यानं शिवाचा डावा दंड धरला.

शिवा असा काही दचकला, की मडकं सोडून त्याचा हात मारायलाच वर आला. मडकं गौतमनं झेललं. शिवानं मान पुरती वळवली, तेव्हा त्याला दिसलं कोण आहे ते. हात तसाच वर राहिला. भटजी मंत्र म्हणायचे थांबले. हर्बर्ट हललाही नाही, डोक्यावर हातही धरला नाही. मारलं असतं तर त्यानं मार खाल्ला असता.

शिवाचा हात हळूहळू खाली आला. तो जोरजोरात श्वास घेत होता.

"डाव्या बाजूनं येत जाऊ नको," तो म्हणाला. "दिसत नाही मला."

हर्बर्टनं दंड सोडला. तो मागून वळसा घालून शिवाच्या उजवीकडे गेला. गौतमनं मडकं परत शिवाच्या खांद्यावर ठेवलं, भटजींनी घसा खाकरला, आणि राहिलेली फेरी सुरू झाली. हर्बर्ट त्याच्या उजव्या अंगानं, हात न लावता, ओली फरशी बघत चालत राहिला.